पाठमोरं सैन्य

गल्लीत त्याला सगळे घोडेवाले म्हणत. घोडा त्याने जन्मात पाळला नव्हता. लहानपणी एकदा बसला होता, तेव्हा पडून मनगट मोडून घेतलं होतं. पण चित्रात घोडा काढावा तर त्यानेच, असं बोललं जायचं आणि त्यात खोटं काही नव्हतं. सीमेपलीकडून तो इथे आला तेव्हा पंचविशीतला होता. भाषा धड येत नव्हती, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा. अक्षरं दुकानदार कागदावर लिहून द्यायचा, हा ती बघून बघून उतरवायचा. जनावरांच्या डॉक्टरच्या पाटीवर अक्षरांशेजारी जागा उरली, तिथे त्याने एक घोडा काढला, मान वळवून मागे बघणारा. ती पाटी बघून एक निवृत्त कर्नल गाडी थांबवून खाली उतरले आणि विचारू लागले, हा कुणी काढला? तिथून त्याचे दिवस फिरले.

कर्नलसाहेबांना आपल्या पलटणीच्या जुन्या लढाईचं चित्र जेवणघरात लावायला हवं होतं. ते बघून दुसऱ्या पलटणीलाही हवं झालं. मग कुठल्या तरी शाळेला, मग एका बँकेच्या मालकाला. होता होता तो ऐतिहासिक लढायांचा चित्रकार होऊन बसला. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरची लांबलचक खोली आणि तिला लागून राहतं बिऱ्हाड त्याने भाड्याने घेतलं. त्या खोलीत दोन उंच तिवयांवर एक लाकडी पिंप आडवं बांधलेलं होतं आणि पिंपावर खरंखुरं खोगीर. ज्याला स्वार व्हायचं त्याने त्या पिंपावर बसायचं.

स्वार व्हायची वेळ बहुतेक त्याच्या बायकोवरच यायची. ती इथलीच, एका शिंप्याची मुलगी. जुने गणवेश ती हुबेहूब शिवून द्यायची, मग तेच अंगात घालून पिंपावर चढायची, तलवार उगारायची, जमिनीवर मरून पडायची. शेजारणींना सांगायची, "तुमचे नवरे नुसते ओरडतात गं. माझा मला भाल्याने मारतो आणि वर म्हणतो, हलू नकोस!"

चेहरे मात्र तो गल्लीतले घ्यायचा. बेकरीवाल्याला भरघोस मिशा होत्या, त्यामुळे तो दोन्ही सैन्यांत असायचा. एका चित्रात तर बेकरीवाला बेकरीवाल्यालाच संगीन खुपसत होता. अधूनमधून तो पाव द्यायला वर यायचा आणि कॅनव्हासपुढे उभा राहून विचारायचा, "घोडेवाले, या खेपेला मी जिंकतोय ना?"

असं सगळं मजेत चाललेलं असताना संग्रहालयाचं काम आलं.

संग्रहालयात नवं दालन बांधलं होतं. त्याच्या समोरच्या सबंध भिंतीवर पुलाच्या लढाईचं चित्र हवं होतं. नाव त्याच्या ओळखीचं होतं. फार जुनी लढाई ती. तिच्यात या देशाने ज्यांना हरवलं, ते त्याच्या मूळ देशाचं सैन्य होतं.

तो नाही म्हणाला असता तर कुणी काही केलं नसतं. पण तो नुकताच इथला नागरिक झाला होता, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती, आणि एवढी मोठी भिंत चित्रकाराला आयुष्यात एकदाच मिळते. तो हो म्हणाला. घरी येताना त्याने मनाशी ठरवलं, की काढायचं, पण खरं काढायचं.

खरं काय ते त्याला वडिलांकडून ठाऊक होतं. वडील गवंडी होते. संध्याकाळी हातपाय धुऊन बसले, की दोघा मुलांना ती गोष्ट सांगायचे. आपलं सैन्य हरलं आणि मागे फिरलं, हे ते लपवायचे नाहीत. पण नदीवर एकच लाकडी पूल होता, अरुंद, आणि एवढ्या सैन्याला तो ओलांडायला वेळ लागत होता. म्हणून आपल्या खोऱ्यातली माणसं पुलाच्या अलीकडे थांबली, शत्रूकडे तोंड करून. मागचा शेवटचा माणूस पलीकडे पोचेपर्यंत एकानेही जागा सोडली नाही, आणि त्यातला एकही घरी आला नाही. वडिलांचे खापरपणजोबा त्यांच्यात होते. दोघे भाऊ घरामागच्या ओढ्यावर फळी टाकून तीच लढाई खेळायचे. सगळ्यात पुढे उभा राहणारा माणूस व्हायचा हट्ट नेहमी ह्या धाकट्याचा असायचा आणि दादा तो पुरवायचा.

तर त्याने कच्चं रेखाटन केलं. डावीकडून येणारे इथले घोडेस्वार, उजवीकडे पूल, आणि पुलाच्या तोंडाशी ती थांबलेली माणसं. कॅनव्हासवर चौकटी आखल्या, शिडीवर चढून कोळशाने सगळं उतरवलं आणि संचालकांना बघायला बोलावलं.

संचालक मोठे सज्जन गृहस्थ. येताना मुलीसाठी बिस्किटांचा डबा घेऊन आले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "घोडे काय काढलेत हो! अंगावर येतात. पण ही पुलापाशी उभी राहिलेली माणसं काय करतायत?"

"थांबलीयेत."

"कशाला?"

"बाकीच्यांना पार जाता यावं म्हणून."

"असं झालं होतं का?"

"आमच्याकडे तसं सांगतात."

"आमच्याकडे" हा शब्द त्याच्या तोंडून निसटला आणि त्याचे कान गरम झाले. संचालकांनी मात्र ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"झालंही असेल," ते म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण माणूस दारातून आत आला की त्याची नजर पहिली यांच्यावरच जाते. आमचे जवान बाजूला पडतात. जिंकलं कोण, हे लहान मुलालासुद्धा कळायला हवं ना? बघा बुवा, चित्रकार तुम्ही आहात. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

एवढंच. ना दम दिला, ना काम काढून घ्यायची भाषा केली. पुढे आयुष्यभर त्याला बोचत राहिलं ते हेच. कुणी जबरदस्ती केली असती तर तिच्याकडे बोट तरी दाखवता आलं असतं. संचालक जिना उतरून गेले आणि त्याने फडकं घेतलं. कोळसाच तो, पुसायला कितीसा वेळ लागणार? वडिलांच्या खापरपणजोबांची जागा स्वच्छ झाली आणि तिथे त्याने पुलाकडे धावणारी माणसं काढायला घेतली. सगळी पाठमोरी.

पाठमोरा माणूस काढायला सोपा असतो. पण पाठीलाही कुणीतरी समोर लागतंच. बायकोने हरलेल्यांचा गणवेश चढवला आणि ती त्याच्याकडे पाठ करून पुढे वाकली. कधी खांदा उतरता, कधी हात डोक्यावर. दिवसच्या दिवस ती तशी उभी राहिली. एकदा मान न वळवता तिने विचारलं, "अहो, एवढ्या माणसांत कुणीच थांबलं नाही का?"

"नाही," तो म्हणाला. "जरा डावा पाय पुढे घे."

चित्र लागलं. मोठ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्याच वर्षी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते छापलं गेलं. बेकरीवाला म्हणाला, आता तुम्ही आम्हाला ओळख दाखवणार नाही. त्यानंतर कामाला तोटा राहिला नाही. गावाकडे फोन केला की तो सांगायचा, मोठं चित्र झालंय, संग्रहालयात लागलंय. कुठलं चित्र, ते सांगायचा. कसं काढलंय, ते मात्र नाही.

वर्षं गेली. सीमा कधी बंद व्हायची, कधी उघडायची. अशीच एकदा उघडली आणि दादा आला.

वडिलांमागे गवंडीकाम दादानेच पुढे चालवलं होतं. हातांना भेगा, बोटं जाड, आणि बसमधून उतरला तो चार अनोळखी माणसांशी दोस्ती करूनच. त्यांना दाखवत होता, "हा माझा धाकटा. सांगत नव्हतो का? हाच तो चित्रकार!" त्या माणसांनी हात हलवले. ह्याला भरून आलं आणि त्याच क्षणी धाकधूकही सुरू झाली.

"चित्र कधी दाखवतोस?" दादाने घरात पाय टाकायच्या आत विचारलं.

"दाखवतो की. आधी चहा तर घे."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, आज संग्रहालयाला सुट्टी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, त्या दालनाचं काम चाललंय, बंद ठेवलंय. मुलगी तिथेच अभ्यास करत बसली होती. ती पटकन म्हणाली, "बंद कुठे आहे बाबा? आमची शाळा परवाच जाऊन आली!"

दादा हसला. त्याला वाटलं, धाकटा लाजतोय. "लहानपणापासून असाच आहे," तो थोरलेपणाच्या थाटात धाकट्याच्या बायकोला म्हणाला. "काहीतरी चांगलं केलं की लपून बसायचा."

त्या संध्याकाळी जेवताना दादाने पुतणीला गोष्ट सांगितली. पूल, नदी, थांबलेली माणसं. अगदी वडिलांसारखीच, तेवढीच थांबत थांबत. मुलगी घास हातात धरून ऐकत राहिली. "आणि तुझा बाबा खेळात नेहमी सगळ्यात पुढे उभा राहायचा," दादा म्हणाला. "पडला तरी हटायचा नाही."

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात तो ताटं ठेवायला गेला, तेव्हा बायको नळाकडे तोंड करून म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

तो उभा राहिला. ती ताटं विसळत राहिली.

सकाळी दोघे भाऊ संग्रहालयात गेले. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता. दालनात शिरल्यावर त्याने तोंडाचा आ केला, इतकं ते चित्र मोठं. आधी तो डाव्या कडेला गेला आणि एकेक घोडा बघत सावकाश उजवीकडे सरकला. पुलापाशी पोचल्यावर थांबला. मागे आला, परत जवळ गेला. बाकावर बसलेल्या राखणदाराला वाटलं हा आता हात लावणार, म्हणून तो उठून उभा राहिला.

"आपले कुठे आहेत रे?" दादाने विचारलं.

"हे."

"हे सगळे?"

"हो."

"सगळ्यांची पाठच?"

त्याने मान डोलावली.

"आणि थांबलेले?"

"आधी काढले होते," तो म्हणाला. "कच्च्या रेखाटनात होते. मग काढून टाकावे लागले."

"टाकावे लागले, की टाकलेस?"

दादाचा आवाज जराही चढला नव्हता. गवंडी जसं भिंत ओळंब्यात आहे का विचारेल, तसं त्याने विचारलं होतं.

"टाकले," तो म्हणाला.

दादा बाकावर राखणदाराशेजारी जाऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "घोडे मात्र फार सुंदर काढलेस. खरंच सांगतो. असे घोडे मी बघितले नाहीत." धाकट्याने त्याच्याकडून शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर दादाने तो विषय काढला नाही. राहिलेले दिवस त्याने न्हाणीघराची गळकी भिंत दुरुस्त करण्यात घालवले. नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही. जायच्या दिवशी बसच्या पायरीवर पाय ठेवून तेवढं म्हणाला, "गावात विचारतील सगळे, चित्र कसं होतं म्हणून. काय सांगू?"

"तुला वाटेल ते सांग, दादा."

"बरं," दादा म्हणाला आणि आत जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात तो संग्रहालयात गेला. जुने संचालक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या होत्या. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात थोडा बदल करायचाय, असं त्याने त्यांना सांगितलं. पैसे नकोत, दालन बंद असेल तेव्हा येईन. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, ते आता तुमचं नाही राहिलं. मुलांच्या पुस्तकात आहे ते. असं कसं बदलायचं? तुम्ही दुसरं काढा ना. हवं तसं."

बोलणं बरोबर होतं. त्याने घरीच दुसरा कॅनव्हास ताणला, दारातून जेमतेम बाहेर निघेल एवढा. पुलाच्या तोंडाशी थांबलेली माणसं, बाकी काही नाही. बायकोला काही सांगावं लागलं नाही. तिने ट्रंकेतून तो गणवेश काढला, आता कमरेत घट्ट होत होता तो उसवून सैल केला, आणि या वेळी समोर तोंड करून उभी राहिली. अंगं झाली, पाय रोवलेले, मुठी आवळलेल्या. चेहऱ्यांपाशी येऊन काम अडलं. बेकरीवाल्याचा चेहरा इथे चालणार नव्हता. आणि आपल्या खोऱ्यातली माणसं दिसतात कशी, हे आठवू गेला तर त्याला नुसत्या टोप्या आठवत.

त्याने दादाला फोन केला. "माझ्यासमोर बसशील का? चेहरा काढायचाय."

"माझा? ह्या वयात?" दादा हसला. "ये की मग. तुझ्या त्या पिंपावर बसवणार असलास तर नाही हं, कंबर धरते माझी."

"येतो. हे बँकेचं काम संपलं की येतो."

बँकेचं काम संपलं, मग एका पलटणीचं निघालं. मग सीमा बंद झाली. मग त्याचा गुडघा. फोनवर दादा दर वेळी विचारायचा, "कधी येतोस?" आणि हा म्हणायचा, "आलोच." सीमा उघडली तेव्हाही तो लगेच निघाला नाही. थंडी ओसरू दे, म्हणाला. थंडी ओसरायच्या आत पुतण्याचा फोन आला. दादा बांधकामाच्या परांचीवरून पडला नव्हता की काही नाही. सकाळी उठून चूळ भरली आणि खाली बसला, तो बसलाच.

धाकटा गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घर तेच होतं, वडिलांनी बांधलेलं, वर एक खोली दादाने चढवलेली. भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसत होती. ह्याला बघून ती उठायची, हात हातात घ्यायची. एक म्हातारे गृहस्थ, वडिलांबरोबर काम केलेले, त्याचा हात सोडीचनात.

"तू काढलेलं ते चित्र," ते म्हणाले, "तुझ्या दादाने सगळं सांगितलंय आम्हाला."

आता बोलणी खायला लागणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

"परक्या मुलखात राहून एवढी छाती दाखवलीस! त्यांच्याच भिंतीवर आपली माणसं उभी केलीस. पाय रोवून, तोंड समोर. आणि सगळ्यात पुढच्याला तुझ्या बापाचा चेहरा दिलास. तुझा दादा सांगत होता, तिथला राखणदारसुद्धा उठून उभा राहिला म्हणाला."

ओट्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, वडील असते तर धन्य झाले असते. त्याने खाली घातलेली मान वर केली नाही. त्यांना वाटलं, भावाची आठवण झालीय.

माणसं गेल्यावर तो आत गेला. वहिनी खाटेवर बसून दादाचे सदरे घडी करत होती. तो दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, ते चित्र तसं नाहीये."

"मला माहितेय, भाऊजी."

"त्याने तुम्हाला सांगितलं?"

"सांगितलं नाही. पण आल्यापासून दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यावर जाऊन बसले आणि चौघांना हे सांगायला लागले. मी आतून ऐकत होते. एवढं रचून सांगायचा त्यांचा स्वभाव होता का?" तिने सदऱ्याची बाही सरळ केली. "पुढे पुढे त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं असावं. नवीन कुणी आलं की सांगायचे. सांगताना खूश असायचे."

"मी उद्या सगळ्यांना खरं सांगतो."

"कशाला?" वहिनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली. "तुमचं मन हलकं होईल, आणि माझा माणूस गेल्यावर खोटा ठरेल. नका सांगू."

तो होता तितके दिवस माणसं येत राहिली आणि त्या न काढलेल्या चित्राचं कौतुक त्याच्या पदरात टाकत राहिली. तो मान हलवायचा. कुणी विचारलं, की पुढच्या माणसाच्या हातात काय आहे, तर सांगायचा, भाला. पुतण्याने विचारलं, "काका, एकदा पोरांना घेऊन येऊ का बघायला?" तेव्हा तो म्हणाला, ये, आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

परत आल्यावर त्याने लढायांची कामं घेणं बंद केलं. फक्त ते घरातलं चित्र करायचं, दादाने गावाला सांगितलं तसं. पुतण्या आलाच, तर त्याला दाखवायला तेवढं तरी हवं. गावातून त्याने माणसांचे चेहरे वहीभर उतरवून आणले होते. म्हातारे गृहस्थ, पुतण्या, शेजारचा लोहार. ते सगळे एकेक करून चित्रात उभे राहिले. दादाला त्याने पुढच्या माणसाच्या उजव्या खांद्याशी घेतला, बसच्या पायरीवरून वळून बघताना होता तसा. दादा मात्र बरोबर जमला. बायको त्या दिवशी चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली.

राहिले वडील. त्यांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. त्याने पुन्हा पुन्हा काढून बघितलं. नाक जमायचं तर डोळे परके व्हायचे. शेवटी वहिनीला फोन केला.

"वहिनी, बाबांच्या भुवया कशा होत्या हो? तुम्हाला आठवतात?"

"भुवया?" वहिनी जरा विचार करून म्हणाली. "तुमच्यासारख्याच की. हे नेहमी म्हणायचे, धाकटा म्हातारपणी हुबेहूब बाबा दिसणार."

तो न्हाणीघरातला आरसा काढून आणून कॅनव्हासशेजारी टेकवून बसला. वहिनी म्हणाली ते खरंच होतं. तेच कपाळ, त्याच जाड भुवया, ओठांच्या कडांना तीच घडी. आरशात बघून काढलं असतं तर दुपारपर्यंत वडील पुरे झाले असते, आणि गावातल्या कुणालाही शंका आली नसती. त्याने रंग कालवला, ब्रश उचलला, कॅनव्हासपर्यंत नेला. पण त्या जागेवर, त्या माणसाच्या खांद्यांवर आपला चेहरा बसवायला त्याचा हात धजेना. पॅलेटवरच्या रंगावर साय धरायला लागली.

मुलगी आता नोकरी करत होती. संध्याकाळी वर आली, तेव्हा तो ब्रश धूत होता.

"बाबा, हा पुढचा एकच राहिलाय ना?"

"हो."

"मग करून टाका की. बाकी सगळं झालंय."

"बघू," तो म्हणाला आणि आरसा उचलून परत न्हाणीघरात लावायला घेऊन गेला.

पुतण्या अजून आलेला नाही. सीमा पुन्हा बंद आहे.